तक्रारींच्या फोनपासून सुटका

सोमवार, ४ मार्च
लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेऊन घेऊन कान किटले. आता बास. ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलंय. कोडिंग न येणाऱ्यानेही ग्राहकांच्या तक्रारी परस्पर हाताळणाऱ्या एआय एजंटचा नमुना बनवायचा. साध्या भाषेत सांगायचं, स्क्रीन तयार. साहेब म्हणाले, जमलं तर डिझाइन विभागात घेऊ. जमल्यातच जमा आहे. बायकोला तसं सांगून टाकलं. ती म्हणाली, बरं, कुकरकडे लक्ष दे.

बुधवार, ६ मार्च
'ग्राहकाशी प्रेमाने बोल' असं लिहिलं. एजंट भलताच प्रेमळ निघाला. लिफ्ट बंद पडली म्हटलं की आधी तब्येत विचारतो. असू दे. आपलेपणा हवाच.

गुरुवार, ७ मार्च. दुपार
इंजिनिअर बाई बघून गेल्या. विचारत होत्या, मेकॅनिक पाठवण्याआधी हा ग्राहकाला विचारतो का? म्हटलं, ते किरकोळ आहे. हे लोक कल्पकतेला घाबरतात.

संध्याकाळ
चाचणीत एजंटने एकाच पत्त्यावर सगळे मेकॅनिक धाडले. मेकॅनिक स्क्रीनवरचे, खोटे होते म्हणून निभावलं. आता प्रत्येक पायरीवर 'खात्री आहे का?' टाकलंय. मला आधीच सुचलं होतं.

रविवार, १० मार्च
बायकोला बसवलं. म्हटलं, तू लिफ्टमध्ये अडकली आहेस असं समज. ती हो, हो, हो दाबत राहिली. मग म्हणाली, अडकलेल्या माणसाला एवढं विचारतात का? चहा करायला उठून गेली. तिला टेक्नॉलॉजीत गती नाही.

मंगळवार, १२ मार्च
साहेबांपुढे डेमो. त्यांनी टाइप केलं, आत कोंडलोय, गुदमरतंय. एजंट म्हणाला, तुमच्या भावना समजू शकतो, लिफ्टच्या दाराबाहेरचा नंबर सांगा. साहेबांनी लिहिलं, लवकर या. एजंटने विचारलं, खात्री आहे का? साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. भारावले असणार.

गुरुवार, १४ मार्च
नमुना मंजूर. साहेबांनी फक्त एक बदल सुचवला. स्क्रीनवर एकच मोठं बटण, 'माणसाशी बोला'. बाकीचं सगळं काढायचं. बटणाचा हिरवा रंग मात्र माझा. बायकोला लगेच कळवलं, निवड झाली.

संध्याकाळ
साहेबांना सहज विचारलं, बटण दाबल्यावर बोलणार कोण? त्यांनी नवा हेडफोन माझ्या टेबलावर ठेवला. आता रविवारीही यायचंय. बायकोला अजून सांगितलं नाही.