झाकलेल्या ताटल्या

कोथरूड, १२ ऑक्टोबर २०२५

चि. उल्कास अ. आ.

एका हातात पेजेचा पेला धरून लिहितो आहे. दात तारेने बांधल्यापासून बोलणं बंद. तुझी काकू म्हणते, घरात प्रथमच शांतता आहे. मोडलेला जबडा अजून जुळत नाही. गुरुवारी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवायचा, असं डॉक्टर म्हणतात. तू तर म्हणाली होतीस, लाल उजेड दिला की मूळपेशी हाड होण्याकडे वळतात. मग मला कापता कशाला? उजेड टाक. शस्त्रक्रिया रद्द करतो. पत्र खालच्या मजल्यावरचा पुष्कर आणेल. तो तुमच्याच प्रयोगशाळेत आहे, त्याला तेवढं जमावं.

श्यामसुंदर

येरवडा, १३ ऑक्टोबर

ती. काकांस सा. न.

रद्द करू नका. आज मूळपेशी वाढवतो त्या काचेच्या ताटल्यांत रंग घालून पाहिला. हाड तयार झालं असेल तर लाल डाग धरतात. उजेडातल्या ताटल्यांनी धरले. तुलनेसाठी चंदेरी कागदात झाकलेल्यांनीही तितकेच धरले. मग पुष्करला आठवलं. खंडेनवमीला आम्ही सगळी यंत्रं पुजली. ताटल्या ठेवतो त्या उबदार कपाटातला लाल दिवा लावला, आणि झाकलेल्याची पूजा कशी करायची म्हणून कागद काढले. दिवसभर त्या ताटल्यांवरही लाल उजेड पडत राहिला. कुणाला खटकलं नाही. फूल मीच वाहिलं.

आता हाड उजेडाने झालं की पेशींना घातलेल्या खाद्याने, कळायला मार्ग नाही. पुन्हा करू. तेव्हा उजेड खरा ठरला, तरी ते ताटलीतलं हाड असेल. ताटलीला भाकरी चावायची नसते, काका. माझ्या उत्सुकतेवर तुमचा जबडा टांगू नका.

रागवा, पण माया राहू द्या.

उल्का

कोथरूड, १५ ऑक्टोबर

चि. उल्कास अ. आ.

आपल्या घराण्याला शोभलं. मी शाळेत पृथ्वीगोलाला इतकं कुंकू वाहिलं होतं, की भूमध्य समुद्र पुन्हा कुणाला दिसला नाही.

शस्त्रक्रिया मी रद्द केलीच होती. तुझं पत्र वाचून काकूने डॉक्टरांना फोन केला आणि ती परत ठरवली. मला विचारलं नाही. विचारून मी सांगणार काय? आज संध्याकाळी दाखल होतो. भीती वाटते आहे. तोंडाने हे कधी म्हणालो नसतो.

पुढच्या नवमीला फूल कपाटाबाहेरून वाहा. लोभ पेजेसारखा पातळ नको.

श्यामसुंदर

गुरुवारी सकाळी काकांना आत नेलं. उल्का बाहेर काकूजवळ बसून होती. प्रयोगशाळेत पुष्करने नव्या ताटल्यांना कागद गुंडाळला.