तिथली नंदा

१२ जानेवारी १९६८, जळगाव
कुसुम धुळ्याहून परतली नाही. आमची पोर नंदा जाऊन वर्ष होत आलं. भावाकडे राहून मन रमेल म्हणून मीच पाठवलं होतं. मेव्हण्याचा निरोप : शेजारच्या आबांकडे रोज जाऊन बसते. आबा म्हणे दुसऱ्या एका जगात जाऊन येतात. हुबेहूब असंच, फक्त काळ दोन वर्षं मागे. म्हणजे तिथे नंदा अजून...
कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो मी. आणि माझ्याच घरात हे.

१४ जाने., धुळे
पारोळ्याला एस.टी. बंद पडली. पोचेस्तो दुपार.
आबा भोंदू नाहीत, हेच वाईट. साधा म्हातारा. एकुलता मुलगा गेलेला. मी मुद्दे मांडले. ते जग आपलाच भूतकाळ असेल, तर तिथे नंदा वाचली की इथेही ती गेलेली नसणार. मग सांगायला जाईल कोण, आणि कशाला? आणि जग वेगळं असेल, तर ती नंदाही वेगळी. आपली गेली ती गेलीच.
शेवटी मी आबांना विचारलं, तुम्ही तिथे पोचलात की तिथले आबा कुठे जातात?
'तो तठेच ऱ्हास. मना पोऱ्या तठे जित्ता शे. पण तो माले भेटू देत नही. त्याले भेव वाटस, मी पोऱ्याले लई जासू.'
म्हणजे तिथला आबा आपल्या जिवंत मुलाला इथल्या आबांपासून राखतो, हे घेऊन जातील म्हणून.

१५ जाने.
कुसुमला पुन्हा समजावलं. म्हणाली, ती नंदा आपली नाही हे मलाही कळतं. तरी आबांजवळ तिथल्या आपल्यासाठी निरोप दिलाय : नंदा घसा दुखतो म्हणाली की त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.
मी म्हटलं, 'आपली नाही ना ती.'
'नसू दे. कुणाची तरी वाचेल.'
मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ.

१८ जाने., जळगाव
एकटाच आलो. वर्गात विसंगती शिकवायची होती. फळ्यावर 'आहे' लिहिलं, खाली 'नाही' लिहिलं. खडू ठेवून दिला. पोरांनी वह्या मिटल्या. त्यांना नंदाचं माहीत आहे.

२८ जाने., धुळे
कुसुम भाकरी थापत होती. मी चुलीपाशी बसलो. वर न बघता म्हणाली,
'आबांना विचारणार होते, तुम्हालाच विचारते. नंदा वाचली त्या घरात आपण दोघं एकमेकांशी बोलतो का?'
वर्षभर घरी आमच्यात 'वाढ', 'घ्या', 'येतो' यापलीकडे काही नाही. दोष शोधला प्रश्नात. सापडला नाही.
जळगावची गाडी गेली असेल. मी ओट्यावर लिहीत बसलोय. आत ती भांडी आवरतेय, हळूहळू. उत्तर अजून द्यायचंय. वही मिटून आत जातो.