चुन्याचे तीन हात

नाशिक,
दि. ९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप नाथाकाका,

सृष्टीचा तुम्हाला आणि काकूंना नमस्कार. इकडे सगळे ठीक. थंडीने अण्णांचा गुडघा धरतो, पण शिडीवर चढायचं काही सोडत नाहीत. आई परवा वणीला देवीच्या दर्शनाला जाऊन आली. सुरतेला थंडी आहे का?

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "बरंय" म्हणता आणि ठेवून देता. पत्र निदान वाचेपर्यंत हातात धरावं लागतं. तीनदा लिहून फाडलंय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. शाळेत घालायच्या आधी ग म भ न तुमच्याच हाताखाली गिरवलेत मी.

माझं काम बरं चाललंय. मुलांच्या पुस्तकांना चित्रं काढते. आणि एक वेड लागलंय, १९५०-६० च्या सुमाराच्या छापील चित्रांचं. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, बियाण्यांच्या पिशव्या, काडेपेट्या, रेडिओची माहितीपत्रकं. भद्रकालीतल्या रद्दीवाल्याने माझ्यासाठी एक खोकं वेगळं ठेवलंय. त्या चित्रकारांकडे दोन, फार तर तीन रंग असायचे आणि तेवढ्यात ते सगळं जग बसवायचे. बाई म्हणजे एक त्रिकोण आणि वर एक गोल. तरी ती दमलीय की खुशीत आहे, ते कळतं! छापताना तिसरा रंग जरासा सरकायचा, तर नेमकी तीच जागा मला जिवंत वाटते. आई म्हणते, "तुला नवं काही आवडतच नाही का गं?" तिला कसं सांगू, की याहून नवं मी काही पाहिलेलंच नाही.

नोव्हेंबरात त्या खोक्यात एक स्मरणिका सापडली. आपल्या सायखेड्याच्या तेलगिरणीची, १९६१ सालची. आत एका भिंतीचा काळापांढरा फोटो. भिंतभर चिनीमातीच्या फरशीच्या तुकड्यांचं चित्र. दोन बैल, डोक्यावर पाट्या घेतलेल्या तीन बाया, नदी म्हणून पाच आडव्या लाटा, कोपऱ्यात काटेरी सूर्य. खाली छापलंय, मुंबईत चित्रकला शिकणाऱ्या कुमारी आशा यांनी हे केलं. आडनावही दिलेलं नाही.

काका, ही आपलीच भिंत आहे. सोळा वर्षांपूर्वी अण्णांनी जिच्यावर बियाणे कंपनीची जाहिरात रंगवली होती, ती. तेव्हा ती काजळीने आणि फाटक्या पोस्टरांनी इतकी माखलेली होती, की हाताला फक्त फरशीचे तुकडे लागलेले मला आठवतात.

आता मालकांचा नातू धनराजशेठ गिरणी पाडून गाळे काढणार आहे. मी जाऊन विनवलं. तो म्हणाला, "ताई, चित्र दिसलं तर भिंत ठेवतो. नाय दिसलं तर एक फेब्रुवारीला जेसीबी येतोय."

म्हणून विचारते. फरशीवरचा जुना तेलरंग कशाने काढावा? आणि दुसरं. कंपनीच्या माणसाने तेव्हा भिंतीला छिन्नीने टाचे मारून, म्हणजे खाचा पाडून, गिलावा करायला सांगितलं होतं. टाचे मारले असतील तर आत चित्र उरलंच नसेल. जाहिरात रंगवली त्या आठवड्यात तुम्ही वणीला पाट्या लिहायला गेला होतात, हे मला माहीत आहे. पण अण्णा नंतर कधी काही बोलले होते का? मी विचारलं की ते उठून जातात.

अजून एक लिहायचं होतं. राहू दे.

आपली,
सृष्टी

* * *

नाशिक,
दि. २ फेब्रुवारी २०२५

नाथाकाका,

नमस्कार वगैरे मागाहून. भिंत उघडली! सगळी!

तुमचं कार्ड पंचवीस तारखेला मिळालं. "रिमूव्हर लावू नको. आधी नखाने खरवडून बघ. बाकी मला माहीत नाही." तीनच वाक्यं, पण सोळा वर्षांनी तुमचं अक्षर घरात आलं. आईने ते देवाजवळ ठेवलंय.

पण मागच्या पत्रात जे राहू दिलं, ते आधी लिहिते. नाहीतर बाकीचं लिहिण्याचा मला हक्क नाही.

त्या वर्षी पोळ्यापर्यंत जाहिरातीचे पापुद्रे सुटले. कंपनीचा माणूस भर चौकात अण्णांना म्हणाला, "झुंबर, रंग देतोस का पीठ मळतोस?" तुम्ही घरी येऊन विचारलंत, "रंगाखालचं अस्तर कोणी दिलं?" अण्णा म्हणाले, "मी." तुम्ही म्हणालात, "मग तुला काम येत नाही." आठ दिवसांत ब्रश गुंडाळून तुम्ही सुरतेला गेलात.

अस्तर मी दिलं होतं, काका. मी अकरा वर्षांची होते. दोन बादल्या होत्या, एक तेलकट अस्तराची आणि एक चुन्याची, दोन्ही पांढऱ्या; अण्णांनी बोट दाखवलं आणि मी एक उचलली. तीन हात दिले, खाली मान घालून. नंतर पापुद्र्यांच्या मागे चुना दिसला. चुन्यावर तेलरंग धरत नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. मी चुकीची बादली घेतली आणि अण्णांनी माझी चूक स्वतःवर घेतली, असंच मी धरून चालले. तुम्ही विचारलंत तेव्हा मी दाराआड उभी होते. बोलले नाही. तुम्हा दोघा भावांना मी तोडलं, हे सोळा वर्षं मनात घेऊन फिरले.

पापुद्रे सुटल्यावर कंपनीने भिंतीपुढे पत्रे ठोकून त्यांवर जाहिरात लावली होती; तीस तारखेला शेठने ते पत्रे काढून दिले. अण्णा आपणहून माझ्या स्कूटीवर मागे येऊन बसले होते. मी नख लावलं. तळहाताएवढा पापुद्रा अलगद सुटून हातात आला. त्याच्या पाठीला चुना. खालच्या चुन्यावर ओलं फडकं फिरवलं, तर निळी फरशी. लख्ख. एक टाचा नाही.

मी तिथेच रडत सांगितलं, "अण्णा, मी चुकीची बादली घेतली होती."

"कोणती बादली?"

"चुन्याची."

"मग? बोट मीच दाखवलं होतं ना?" ते हसायलाच लागले. "चुन्यावर तेलरंग टिकत नाय, एवढं झुंबर पेंटरला ठाऊक नव्हतं का? चुना धरू नये म्हणून त्यात शाडूबी मीच कालवला होता, बाई."

अण्णांनी नाही म्हटलं असतं, तर कंपनीने दुसरा पेंटर आणून टाचे मारले असते. म्हणून त्यांनी काम घेतलं आणि मुद्दाम कच्चं केलं. आज ना उद्या कोणीतरी काढील म्हणून. लहानपणी ते त्या भिंतीसमोर बसून कोळशाने बैल गिरवायचे, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. काका, त्या बैलांची शिंगं बघा तुम्ही! अण्णांनी निफाडपर्यंत जेवढ्या पाट्यांवर बैल काढले, त्या सगळ्यांची शिंगं तीच. माझ्या पुस्तकातल्या बैलाचीही तीच. मी समजत होते, हे वळण मी रद्दीतून शोधून शिकले. ते मला घरातच मिळालेलं होतं.

मी विचारलं, "काकांना का नाही सांगितलं?"

"नाथाला खोटं बोलता येत नाय. कंपनीवाल्यानं नुसतं बघितलं असतं, तरी त्याच्या तोंडावर दिसलं असतं."

"आणि नंतर?"

त्यांनी अजून एक पापुद्रा सोडवला. "नंतर तो म्हणाला, काम येत नाय. मग मलाबी राग आला. राग उतरला तोवर तो तिकडं रमला."

"मी मागच्या महिन्यात विचारलं तेव्हा तरी?"

"आणि आतून काहीच निघालं नसतं तर? सोळा वर्षांची ओल हाय. कोणत्या तोंडानं सांगू?"

दोन दिवस अर्धं गाव ओली फडकी घेऊन आलं. वत्सलाबाई, वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत आल्या आणि मधल्या बाईकडे बोट करून म्हणाल्या, "ही माझी सासू. त्या मुंबईच्या पोरीनं उन्हात उभी केली होती तिला. घरी येऊन लय शिव्या दिल्या तिनं." सगळे हसले. मग त्यांनी पदराने सासूचं तोंड पुसलं.

काल जेसीबी आला. शेठ त्याच्या आडवा उभा राहून ओरडला, "तिकडून पाड! ह्या भिंतीला धूळ लागली तर तुझं डिझेल बंद!" आता गाळे दोन्ही बाजूंना आणि मधे भिंत, असं ठरलंय. तसं लेखी घेतलंय मी. तुम्ही हसाल, पण माझा स्वभाव असाच.

एक खरं ते सांगते. तिसऱ्या बाईच्या पाटीचे चार तुकडे गेलेले आहेत. ती जागा मी माझ्या मनाने भरणार नाही. तशीच राहील.

मी काही मागायला लिहीत नाही. अण्णांनी बिघडवलेलं काम त्यांच्या हातचं सगळ्यात चोख काम होतं, एवढं तुम्हाला कळायला हवं होतं. ते सांगायची पाळी माझ्यावर आली, याचा मला आज आनंद आहे. अण्णा शेजारी बसलेत. आत्ताच म्हणाले, "तुझं लय लांबलं. पेन इकडं दे."

आपली,
सृष्टी

नाथा, तुला सांगायला पाहिजे होतं. चुकलं. ये.
झुंबर