हिरोच्या शेजारचा

बाबा,

तुम्ही गेल्यापासून देशावर बरीच संकटं आली, पण रविवारी पनवेलच्या मॉलमध्ये माझ्यावर आलं तसं कुणावरही न येवो. सिनेमागृहातल्या खुर्च्या हल्ली विजेवर चालतात. बटण दाबलं की पाठ मागे जाते, पाय वर येतात आणि माणूस तिकिटाचा भाव विसरून शेषशायी होतो. मी झालो. नेमका तेव्हाच पडद्यावर तिरंगा आला, सगळे उभे राहिले आणि माझी खुर्ची बंद पडली. बटण दाबतोय, दाबतोय, काही नाही. पाय हवेत, पोट छताकडे, आणि राष्ट्रगीत सुरू. लष्करातल्या माणसाचा मुलगा राष्ट्रगीताला आडवा! मी पडल्यापडल्याच हात मांड्यांना चिकटवून सावधान झालो, त्याहून जास्त काही हातात नव्हतं. शेजारी बायको ताठ उभी होती, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते. गीत संपल्यावर मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "काय हो काका, एक मिनिट उभं राहवत नाही? तिकडे सीमेवर जवान उभे आहेत." मी म्हटलं, "त्यांना या खुर्च्या दिलेल्या नाहीत, म्हणून उभे आहेत." गृहस्थांनी माझी जागा शत्रुराष्ट्रात नक्की करून टाकली.

सोडवलं ते पलीकडच्या खुर्चीतल्या मुलाने. पंचविशीचा, बारीक कापलेले केस, नवा शर्ट. खाली वाकला, पायाखालच्या फळीला गुडघा लावला आणि म्हणाला, "पाय उचला काका. आमच्या यार्डात कंटेनरचं दार पन असंच अडकतं." खाटकन फळी आत गेली आणि मी माणसात आलो. "थँक्यू हां, हिरो," मी म्हटलं. तर त्याच्या पलीकडून त्याची आई पुढे झुकली. हिरव्या साडीत, केसांत अबोलीचा गजरा, लग्नाला निघाल्यासारखी. म्हणाली, "हिरो नाय ओ तो. पन या पिच्चरमदी हाय!"

तेव्हा कळलं की ती अख्खी रांग जासई गावची, एकाच घरातली. सिनेमा युद्धाचा, आणि त्यातली सीमा जासईच्या पुढच्या माळावर उभारलेली. न्हावा शेव्याचे रिकामे कंटेनर आणून, त्यांना माती फासून बंकर केले होते. न जाणो, त्यातला एखादा तुम्हीच कधी बंदरातून ओढून आणला असेल. लष्करातून सुटल्यावर कंटेनरचा ट्रेलर चालवलात, पण तुमचा कंटेनर एक दिवस देशाच्या कामी येईल असं तुम्हालाही वाटलं नसेल. त्या कंटेनरांमागे गावातली पोरं रोजावर मरत होती. हा मुलगा तीनदा मेला होता. "दोनदा आपला म्हनून, एकदा त्यांचा म्हनून," तो म्हणाला. "पन त्यांचा मेलो तेवा तोंड खाली ठिवलंय. आईला सांगितलंय, त्यो मोजू नको."

मी तिथे कशाला गेलो होतो, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी पोटासाठी लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो, आठवड्याला एक लेख. युद्धाचे सिनेमे हे माझं आवडतं गिऱ्हाईक. गोळ्या चालू असताना न विस्कटणारे केस, मरता मरता सांगितलेलं भूगोलाचं पान, सगळ्यावर लिहून झालंय. पण हसून झालं की एक गोष्ट उरतेच. ही सिनेमावाली माणसं सैनिकाला खरंच मानतात, की त्याचा गणवेश भाड्याने आणून परत करतात? तुम्ही असता तर विचारलं असतं. असतानाही विचारलं होतं म्हणा, वेगळ्या शब्दांत, आणि तुम्ही उत्तराऐवजी प्रश्नच दिला होतात.

मी तेव्हा दहा-अकराचा. गावातल्या जुन्या थिएटरात तुम्ही मला युद्धाचा सिनेमा दाखवता, लाकडी खुर्च्यांवर, ढेकणांसकट. मी घरी येईपर्यंत तोंडाने मशीनगन चालवतो. तुम्ही स्वयंपाकघरात स्टो पेटवता, लष्करातला तो पांढरा टवके गेलेला मग काढता, आणि चहा उकळायला ठेवून विचारता, "हिरोच्या शेजारी बसला होता तो, पूल उडाला तेव्हा गेला बघ. त्याचं नाव काय होतं?"

"मला काय माहीत? तो लगेच मेला ना."

"म्हणून तर विचारतोय."

तुम्ही चहा गाळता. तुमचा आवाज चढलेला नाही, पण रागावल्यासारखं वाटतंय. मग मी विषय बदलायला विचारतो, बाबा, तुम्ही लढाईत काय केलंत? तुम्ही म्हणता, "रसद पोचवली. आणि एकदा घाटात ट्रक रिव्हर्स घेतला, तेवढं सांग शाळेत." मी विचारतो, तुमच्या शेजारी कोण बसायचं? तुम्ही स्टोची वात खाली करता. "बसायचा एक जण. बोलका होता." आणि मग, "घे, चहा घे. निवतोय." पुढे प्रत्येक सिनेमानंतर तुम्ही तेच विचारलंत, आणि दर वेळी मला हिरोचं, त्याच्या प्रेयसीचं, फार तर घोड्याचं नाव आठवायचं. त्या बोलक्या माणसाबद्दल मी आणखी दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा मला चहा मिळाला.

तर रविवारी. मध्यंतरात मी त्या मुलाला म्हटलं, कसे होते रे सिनेमावाले? मला माझ्या लेखासाठी काहीतरी झणझणीत हवं होतं. तो विचार करून म्हणाला, "डायरेक्टर सायेब चांगला होता काका. जेवन आमाला आनि हिरोला सेम. एकदा मी टोपी मातीत ठिवली तर काय झापला मना! बोलला, ही टोपी घालून लोक मेलेत, उचल. शूटिंग थांबवली त्यासाटी. मना आवडलं ते." माझा लेख तिथेच अर्धा गळून पडला. टोपीसाठी काम थांबवणाऱ्या माणसाची टिंगल कशी करायची? मी म्हटलं, मग तुला हाक काय मारायचे? "कंटेनर दोन," तो हसला. "दोन नंबरच्या कंटेनरमागं मरायचा ना मी. सायबानं नाव विचारलं नाय. आता रोज एवढी पोरं मरतात, कोनाकोनाचं विचारनार?" त्याची आई म्हणाली, "भरतीला दोनदा गेलेला ओ. धावन्यात थोडक्यासाटी राहिला. आता वय गेलं. म्हनून बोललो, निदान पिच्चरमदी तरी बगू वर्दीत."

मग माझं हिरोकडे लक्षच लागेना. मी मध्यंतरानंतरचा सगळा सिनेमा दोन नंबरचा कंटेनर शोधत पाहिला, आणि अख्खी रांग माझ्यासोबत. पहिलं मरण धुरात गेलं. दुसऱ्यात हिरो भाषण करत होता आणि त्याच्या खांद्याआडून, अर्धा चेहरा, तोच! दचकला, मागे कोसळला. त्याची आई, त्याचाच हात घट्ट धरून बसलेली, ओरडली, "आगो बाय, माजा पोर!" तो म्हणतोय, "आये, मी हय हाय ना, बग की!" आणि ती बघत नाही. तिचे डोळे पडद्यावर. हिरो त्याला ओलांडून पुढे गेला, कॅमेरा हिरोबरोबर गेला, आणि सिनेमागृहात टाळ्या पडल्या. मागचे गृहस्थ शिट्टी वाजवत होते.

शेवटी नावं सुरू झाली तसे लोक उठले. ती रांग थांबली. मीही थांबलो, आणि राष्ट्रगीतापासूनची म्हणा, आयुष्यभराची म्हणा, एक बाकी होती म्हणून उभा राहिलो. या वेळी खुर्ची आड आली नाही. चहावाल्याचं नाव आलं, जनरेटरवाल्याचं आलं, हिरोच्या केसांचे दोघे आले. मुलगा डोळे बारीक करून वाचत होता. सर्वांत खाली जासईच्या ग्रामस्थांचे आभार आले आणि पडदा काळा झाला. "गावाचं आलं ना," तो आईला म्हणाला. "गावात मी आलोच की." झाडू घेतलेली बाई आमच्याकडे बघत उभी होती.

मानतात का मग ते सैनिकाला? टोपीला मानतात, बाबा, मनापासून मानतात. त्यापुढचं मला अजून नीट कळलेलं नाही, आणि लेख अजून कोरा आहे. हे पत्र तर कुठे टाकायचंच नाहीये. पण एक कबूल करतो. जिन्यावर माझ्या लक्षात आलं की तीन तास मीही त्या मुलाला "हिरो, हिरो" करत होतो. मग मागे वळलो आणि विचारलं. तो चकित झाला, पण त्याने छाती थोडी पुढे काढून सांगितलं.

आज सकाळी चहा गाळताना ते नाव मी मोठ्याने म्हटलं. त्याचं, त्याच्या वडिलांचं, मग आडनाव, मग गाव. बायकोने बाहेरून विचारलं, "कोण आलंय?"

म्हटलं, "कुणी नाही. बाबांनी एक विचारलं होतं."