सरकीचा एक दाणा

अमरावती,
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

चि. दामिनी,

अनेक आशीर्वाद. रक्तदाब आटोक्यात आहे, गुडघा नाही. गच्चीवरच्या वांग्याला फुलं आली आहेत. विपुलरावांना आशीर्वाद सांग, आणि हेही सांग की त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर ‘अमरावतीची आई’ या नावाने आहे, ते मी दिवाळीत पाहिलं. तुझ्या सासूबाई नुसत्या ‘आई’. मी मात्र गावासकट, नागपूरच्या संत्र्यासारखी.

फोन न करता लिहिते आहे, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी तुझ्या सासूबाई, माणिकबाई, भाजी निवडत असतात.

परवा रविवारी संध्याकाळी तू रडत म्हणालीस, “चाळीस किलोमीटर सायकल झाली, पण त्यावर दहा धावणं झालं नाही. आठलाच बसले. शनिवारच्या नागपूरच्या सायकल-धावण्याच्या स्पर्धेतून नाव काढून घेते.” मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. तुला राग आला असेल. पण त्या दिवशी सकाळी मी तुमच्या अकोल्यातच होते.

हो, होते. शुक्रवारी मी विचारलं होतं, सरावाला येऊ का. तू म्हणालीस, “कशाला, आई? थंडी आहे. इथे आई आहेत ना.” तुला आठवतही नसेल. मी शनिवारभर ते वाक्य घेऊन घरात फिरले आणि रविवारी पहाटे पाचच्या एसटीत बसले. दोन आया आणि त्यातली एक पुरेशी, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर उसाच्या रसाची एक बंद गाडी आहे. तिच्यामागे मी उभी राहिले. समोर बाकावर माणिकबाई. साडीवर विपुलरावांचा स्वेटर, पायात चपला, मांडीवर पाण्याची बाटली. तुझं पळण्याचं घड्याळ दुरुस्तीला गेलेलं, म्हणून फेऱ्या मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. दोन किलोमीटरची एक फेरी, अशा पाच. स्वेटरच्या उजव्या खिशात सरकीचे पाच दाणे, फेरी झाली की एक डाव्या खिशात. हे तू मला फोनवर किती कौतुकाने सांगितलं होतंस. मी टेलिफोन खात्यात पंधरा वर्षं ट्रंक कॉलची तीन-तीन मिनिटं मोजली, त्याचं कौतुक तू कधी केल्याचं आठवत नाही.

सव्वाआठला तू सायकलवरून उतरलीस. बूट बदललेस आणि धावायला लागलीस तर पाय तुझे नव्हतेच. नुकतं प्लास्टर काढल्यासारखे सरळ पडत होते. माणिकबाई ओरडल्या, “पाय आयकत नसन तं हात हालव वं बाई. हात चालले का पाय मांगून येते.” आणि तू हात हलवलेस. मी काही सांगितलं की तू आधी कारण विचारतेस.

तिसरी फेरी संपताना तू रस्त्याच्या कडेला वाकलीस आणि उलटी केलीस. बाई उठून अशा धावल्या की एक चप्पल बाकापाशीच राहिली. पदराने तुझं तोंड पुसलं, मानेवर पाणी ओतलं. म्हणाल्या, “झालं, पोट हलकं झालं. बसू नको, बसली तं गेली. चाल, मी येतो थोडी दूर.” आणि एका पायात चप्पल घालून तुझ्यासोबत पुढच्या झाडापर्यंत पळाल्या. बासष्टाव्या वर्षी.

परत आल्यावर त्यांनी चप्पल शोधली. दाणा हलवायचा विसरल्या.

मी ते पाहिलं, दामिनी. तू पुढच्या दोन फेऱ्या कशा ओढल्यास तेही पाहिलं. शेवटी तोंड उघडं, डोळे मिटलेले, हात मात्र हलत होते. माणिकबाईंनी खिसा चाचपला आणि म्हणाल्या, “अजून एक राहिला वं.” तू म्हणालीस, “नाही होत, आई,” आणि तिथेच डांबरावर बसलीस. त्याही बसल्या शेजारी.

पाच झाल्या होत्या. दहा किलोमीटर. सोबत माझं एसटीचं अर्ध्या तिकिटाचं चिटोरं पाठवते आहे. त्याच्यामागे पाचही फेऱ्यांच्या वेळा लिहिल्या आहेत.

मग मी गाडीमागून बाहेर का आले नाही? कारण मला बरं वाटलं. तू रडत होतीस आणि मला बरं वाटत होतं, की बाई चुकल्या. परतीच्या एसटीत बडनेऱ्यापर्यंत मी एवढंच ठरवत होते, की हे सगळ्यांसमोर कसं सांगायचं म्हणजे त्यांना नीट लागेल. घरी आले आणि तुझा फोन आला.

आणखी एक लिहायचं आहे. तू दहावीत असताना विभागीय स्पर्धेच्या निवडीचं पत्र शाळेतून आलं नाही, असं मी तुला सांगितलं होतं. ते आलं होतं. पालकांची सही हवी होती. बोर्डाचं वर्ष होतं, मी ते कपाटात कागदाखाली ठेवलं. तू दोन आठवडे रोज पोस्टमनची वाट पाहिलीस आणि मी स्वयंपाकघरातून तुला पाहत होते. रविवारी गाडीमागे उभी असताना मला तेच स्वयंपाकघर आठवलं.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं की चूक दिसली की हात वर करायचा. दुसऱ्याच्या चुकीला मी नेहमीच केला.

माझ्या फेऱ्या बरोबर मोजल्या गेल्या, कारण मी जागची हलले नाही. त्यांच्या चुकल्या, कारण त्या तुझ्याकडे धावल्या. हे लिहायला मला दोन दिवस लागले आणि अजूनही ते मला आवडलेलं नाही.

शनिवारच्या स्पर्धेतून नाव काढू नकोस. दाण्याचं त्यांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी सांगणार नाही. नागपूरला मी येते आहे, बोलावलंस तरी आणि नाही तरी. फेऱ्या मी मोजीन. पाणी त्यांनीच ओतावं, तुला त्यांच्या हाताची सवय आहे. आणि त्यांना पट्ट्याचे बूट घेऊन दे. चपलेत धावणं बरं नव्हे.

तुझी,
अमरावतीची आई