डाव्या दगडातलं बीळ

सोमवार, ४ फेब्रुवारी
आले एकदाची! शाळेच्या प्रयोगशाळेतली नवी नोकरी अठरा तारखेपासून, आणि खोली मिळेपर्यंत मुक्काम ताईकडे. तिने कपाटातले दोन कप्पे रिकामे करून ठेवलेत. बैठकीच्या खोलीत भावोजींची नवी टाकी आहे. चारशे लिटर खारं पाणी, पांढरी वाळू, सहा मासे आणि तीन जिवंत दगड. म्हणजे समुद्रातून भोकांतल्या जिवांसकट उचललेले. टाकीला कुणी हात लावायचा नाही, ताईने काचही पुसायची नाही. मी म्हटलं, अशा दगडांतून बिनबोलावलेले पाहुणे निघतात, मी ओळखून वहीत नोंद करत जाईन. भावोजी म्हणाले, एक पाहुणी तर आलीच आहे. ताई हसली. मग मीही हसले.

बुधवार, ६ फेब्रुवारी
आज चार नोंदी. काचेवर नखाएवढी गोगलगाय, निरुपद्रवी. वाळूत केसाळ किडा. नुसत्या हाताने धरला तर कुसळं बोटात मोडतात. मधल्या दगडाखाली सडपातळ हातांचा तारामासा, दिसला की लाजून आत. उजव्या दगडावर तपकिरी समुद्रफूल: उपद्रवी, एक खुडलं की दहा उगवतात. अकरा वर्षं कॉलेजात प्राण्यांच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, त्या वाया गेल्या नाहीत म्हणायच्या.
संध्याकाळी भावोजींनी वही वाचली आणि ‘उपद्रवी’वर लाल काट मारली. या घरात उपद्रवी कोण ते आपण ठरवू, म्हणाले.

शनिवार, ९ फेब्रुवारी
दोन मासे गायब. मी पाण्यात काहीतरी टाकलं असा भावोजींचा आरोप. ताई मान खाली घालून भाजी निवडत राहिली. नंतर ओट्याशी हळूच म्हणाली, त्यांच्या तोंडी लागू नकोस.
दुपारी दोघं बाहेर गेल्यावर पडदे ओढले, टाकीचा दिवा घालवला आणि टॉर्चला लाल कागद लावून बसले. लाल उजेड या जिवांना कळत नाही. पाऊण तासाने डाव्या दगडाच्या बिळातून पाच मिशा बाहेर आल्या. मागून जबडा, उघड्या कात्रीसारखा. अंग मनगटाएवढं जाड.
ओळखला. वाळूत दबा धरणारा समुद्रकिडा. पण पुस्तकातला बोटाएवढाच जाड असतो.

मंगळवार, १२ फेब्रुवारी
धीर करून सांगितलं. दगड काढून गोड्या पाण्यात बुडवा, तो बाहेर येईल. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. मग फ्रिजमधून मांसाचा तुकडा आणून बिळासमोर सोडला. खट्‌ असा आवाज झाला, तुकडा नव्हता.
“दगड घेतानाच पाहिलं होतं मी त्याला,” ते म्हणाले. “मासे त्याच्यासाठीच आणले.”

गुरुवार, १४ फेब्रुवारी
ताईच्या बोटाला पट्टी. सुरी लागली म्हणते. मी बळेच सोडून पाहिली. मधल्या बोटाचं पेर नाही. सुरी एका बाजूने कापते, हे दोन्ही बाजूंनी कापलंय.
चल माझ्याबरोबर म्हटलं, तर हात सोडवून घेतला. त्यांनी सांगितलं म्हणून मीच हात घातला, म्हणाली. तू यात पडू नकोस.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी
पडले. ते दोघं दवाखान्यात गेले तेव्हा दगड सांडशीने उचलून गोड्या पाण्याच्या बादलीत टाकला. तो बाहेर आला. येतच राहिला. दोन हात, तीन हात. सुरीने तोडला. अर्धा बादलीत तडफडून मेला. उरलेला — ओली शेपूट सोफ्यामागे जाताना दिसली. सोफा ओढला. काही नाही.
भावोजी आले. बादलीपाशी बसून रडले. पोटचं पोर गेल्यासारखे. ताईने फरशी पुसली.
बॅग भरली आहे. सकाळी निघते.

शनिवार, १६ फेब्रुवारी. सकाळ
बॅग सापडत नाही. चपलाही नाहीत.

दुपार
ताईने हाक मारली, टाकीत नवीन काहीतरी दिसतंय, वही घेऊन ये. आले. मागून दार लागलं. बाहेरून कडी.
टाकीत काही नाही. एकही मासा नाही. टाकीतून फरशीवर ओला पट्टा. सोफ्याखाली जातो —
टेबलावर चढले आहे. खिडकीला गज.
तोडलेल्या जागी नवं तोंड फुटलंय. पाच मिशा. दुसरं टोकही तसंच. दोन्हीकडून —
ताई दाराला टेकून आहे, श्वास ऐकू येतो. किती हाका मारल्या. शेवटी बोलली.
“हात खाली सोड गं. एकदाच दुखतं.”
टेबलाच्या पायाला काहीतरी वेटाळलं. टेबल हलतंय. पेन धरवत ना