जेट मोठा केला, बाबा

बाबा, हुडकेश्वरच्या लग्नाच्या लॉनवरची गवत कापायची मशीन परत दुकानात आली. वर बसून चालवायची, बिनगिअरची, तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारी, तुम्ही जाण्याआधी शेवटची जुळवून दिलेली. लॉनचे मालक म्हणाले, चढावर दम सोडते, आता भंगारात घालतो. मी म्हटलं, थोडे दिवस ठेवून जा. तुमच्या हातचं एवढं एकच इंजिन आता चालतं आहे.

आठवतं ना तुम्हाला? लकडगंजच्या आपल्या टिनाच्या दुकानात मी नुकतीच कामाला लागलेय. गिऱ्हाइकाला वेग हवाय, म्हणून मोठ्या हौसेनं मी गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारी, स्प्रिंग ताणते. इंजिन किंचाळतं. तुम्ही येऊन ते बंद करता. ओरडत नाही. मागच्या तेलाच्या डब्यावर आधी स्वतःचा हात लावून पाहता, चटका बसणार नाही ना म्हणून, आणि मगच माझा ठेवता. "इंजिन बोंबललं म्हंजे गाडी पळते असं वाटते काय वं तुले? चाकं तेलाच्या जोरावर फिरतात. तेल तापलं का पातळ होते, मंग जोर कुठून आणशील?" मी दिवसभर फुगून बसले. संध्याकाळी तुम्ही कोथिंबीर भरलेली सांबारवडी आणून पुढ्यात ठेवलीत. राग आणि वडी एकदम गिळता येत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं.

मशीन ठेवून जाताना लॉनच्या मालकांनीही स्प्रिंग ताणायलाच सांगितलं. मी त्यांना तुमचंच बोलणं ऐकवलं, फक्त 'वं' वगळून. दोष पेट्रोलचा होता, बाबा. आता त्यात इथेनॉल मिसळतात. जुनी रबरी नळी त्यानं फुगून लिबलिबीत झाली होती आणि तुमच्या वेळच्या पेट्रोलला पुरणारं जेटचं, म्हणजे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक या पेट्रोलला अपुरं पडत होतं. इंजिन अर्धपोटी राबत होतं म्हणा ना. नळी बदलली, तेलाच्या डब्यावर साचलेलं गवत खरवडून काढलं, तरी उचक्या थांबेनात. या जुन्या इंजिनाचा दुसरा जेट बाजारात मिळत नाही. आणि जेटला ड्रिल लावायला तुमची सक्त मनाई. भोक मोठं करता येते, लहान करता येत नाही, म्हणायचात तुम्ही.

तरी मी जेट कोरायला घेतला. जास्त कोरलं गेलं असतं तर मशीन सरळ भंगारात जाणार होती. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. केसासारखं बारीक ड्रिल चिमटीत धरून हातानंच फिरवत राहिले. तुम्ही असता तर मागून "पुरे वं" म्हणाला असता. कोणी म्हणालं नाही. कुठं थांबायचं ते माझं मलाच ठरवावं लागलं.

काल मशीन लॉनवर नेली. स्टेजमागचा चढ एकाही उचकीशिवाय चढली. मालक खूश झाले, भंगाराचं नावही काढलं नाही त्यांनी, चहा मागवला. "काय केलं ताई याले?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, काही नाही, साफ केली, बाकी सगळं बाबांनी लावलेलंच आहे.

हे लिहिलेलं कुठल्या पत्त्यावर टाकायचं, ते मला माहीत नाही. तुमच्यापाशी म्हणून कबूल करते. ती मशीन आता तुमच्या हातात चालायची त्यापेक्षा चांगली चालते, बाबा, आणि हे मला कोणालाच सांगवत नाही.